17 नंबरचा फॉर्म

एका मराठी चित्रपटाच्या कार्यशाळेसाठी माझ्या वर्गातल्या मुलीला पुण्याहून बोलावणं आलं आणि आमच्या घरात दोन तट पडले. मुलगी नववीत आहे, नुकतीच 14 वर्षं पूर्ण झालेली. तिचे वडील हिवाळ्यात झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत तबला वाजवतात आणि पावसाळ्यात धान पिकवतात. सल्ला घ्यायला ते माझ्या मामांकडे गेले, आणि ते साहजिकच होतं. मामा अर्जुनी मोरगाव तालुक्यातले. आधी नायक, मग खलनायक, आता नायिकेचा बाप, असं सगळं आयुष्य त्यांनी झाडीपट्टीच्या रंगमंचावर काढलं आहे. त्यांनी तबलजींना सांगितलं, "पाठवू नका." मी सांगत होते, "पाठवा." दिवाळी तोंडावर होती, तालमी सुरू होत्या, हलका धान कापायला आला होता. त्या गडबडीतच एका दुपारी आम्ही दोघं बोलायला बसलो. बोलणं झाडीबोलीत झालं. इथे ते बरंचसं प्रमाण मराठीत आणलं आहे.

मामा : तू मास्तरीण आहेस, म्हणून शाळेचंच विचारतो. ती 'सैराट'ची आर्ची दहावीला शाळेत बसली होती काय?

मी : नाही. 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा दिली तिने.

मामा : का बरं?

मी : रोज शाळेत जाणं शक्यच राहिलं नव्हतं. आर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची, आई-वडील दोघंही शिक्षक. दिग्दर्शक नागराज मंजुळे अकलूजला आले तेव्हा ती सातवीत होती. ऑडिशन दिली, निवडली गेली. चित्रपट लागायच्या आधीच, मार्च 2016 मध्ये, 63व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख जाहीर झाला. वय 14. मग 29 एप्रिलला 'सैराट' लागला आणि शंभर कोटींच्या पुढे गेलेला पहिला मराठी चित्रपट ठरला. त्यानंतर ती जिथे जाईल तिथे माणसांचा लोंढा. त्यातच 'सैराट' कन्नडमध्ये करायचं ठरलं, 'मनसु मल्लिगे' नावाने, आणि तिथेही नायिका म्हणून तीच. 2017 च्या मार्चमध्ये इकडे दहावीची परीक्षा आणि महिनाअखेरीला तिकडे तो चित्रपट प्रदर्शित. तरी 66.40 टक्के मिळवले.

मामा : मंग? शिक्षकाच्या घरची पोरगी, आई-बाप दोघं घरात शिकवायला, तरी तिची शाळा सुटली. आपल्या तबलजीच्या पोरीला घरी कोण शिकवणार? बाप चार महिने रात्रभर जागतो नि दिवसा झोपतो. माय धानाच्या बांधीत. त्या घरात 17 नंबरचा फॉर्म म्हणजे शाळा संपली, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

मी : ठाऊक आहे. म्हणूनच सांगते, आपल्या तालुक्यात हा फॉर्म कोण भरतं ते बघा. रोवणीच्या दिवसांत हजेरी गेली, मग परत यायची लाज वाटली, ती मुलगी. तेंदूपत्त्याला घरच्यांसोबत जंगलात गेली, ती मुलगी. लग्न ठरलं आणि नंतर मोडलं, ती मुलगी. त्यांची शाळा कुठल्या चित्रपटाने सोडवली नाही. आणि रिंकूची गोष्ट दहावीवर संपवू नका. 2019 मध्ये ती बारावीला बसली, टेंभुर्णीच्या केंद्रावर, गर्दी होईल म्हणून पोलीस बंदोबस्तात, आणि 82 टक्के मिळवून पास झाली. ज्या मुलीभोवती माणसं जमतात तिने पोलीस उभे करून पेपर लिहिला, हे मला तिच्या पुरस्काराइतकंच मोठं वाटतं. शिकायचं ठरवलं तर वाट निघते.

मामा : ठरवलं तर. ते ठरवायला आई-बाप शिक्षक लागतात.

मामांचा हा मुद्दा मला तेव्हाही खोडता आला नाही आणि आजही येत नाही. रिंकूच्या यशाबद्दल लिहिताना आपण तिचा बुलेट चालवण्याचा रुबाब, तिची भाषा, तिचे डोळे यांबद्दल लिहितो. तिच्या घरात अभ्यास घेणारी दोन माणसं होती, ही बाब एका वाक्यात उरकतो. मोठ्या यशानंतर ज्या मुलांचं पुढचं आयुष्य सावरलं गेलं त्यांच्या घरांकडे पाहावं, असं मला वाटतं. कॅमेऱ्याला न दिसणारं बळ बहुतेक तिथे सापडतं. पण तेवढ्यावर मी बोलणं सोडणार नव्हते.

मी : बरं, तुम्ही तिला पाठवू नका म्हणता. मग तिच्यात जे आहे त्याचं काय करायचं? वर्गात ती एखादा उतारा वाचते तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करतात.

मामा : म्हणून तर म्हणतो, तिला आपल्याकडे उभी कर. नट घडायला रात्र लागते, पोरी. रात्री दहा-साडेदहाला पडदा उघडतो आणि पहाटे पडतो. समोर चार गावांतली माणसं, बैलांचा पट बघून आलेली. लेकी-जावई मंडईच्या जत्रेला आलेले, कुणी सोयरीक जुळवायला आलेलं. जमीन उतरती खणून बसायची जागा केलेली, वरून थंडी. त्या माणसांना शेवटच्या अंकापर्यंत बसवून ठेवायचं. आवाज फाटला तर दुसरा टेक नाही. ऑर्गनवाल्याने सूर वर धरला तर तुला त्याच सुरात गायचं आहे, रडायचा प्रवेश असला तरी. चार महिन्यांत पन्नास गावं. एका हंगामात माणूस जे शिकतो ते तुझ्या कार्यशाळेत आठवडाभरात शिकवणार आहेत काय?

मी : नाही शिकवणार. ते वेगळंच शिकवतील. तुम्ही शेवटच्या रांगेसाठी बोलता, तिला वीतभर अंतरावरच्या कॅमेऱ्यासाठी गप्प राहायला शिकावं लागेल.

मामा : गप्प राहणं आम्हालाही येतं.

मी : येतं, मी पाहिलं आहे. पण मामा, तुमची रंगभूमी कुणाला काय देते तेही बोलू या. परशुराम खुणेंना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा तुम्ही गावात पेढे वाटले होते.

मामा : वाटणारच. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचा माणूस. पाच हजारांवर प्रयोग, आठशे भूमिका. हसवता हसवता पोटाला पीळ पाडणारा. एका चित्रपटाने नाही झाला तो मोठा. शेतकरी माणूस, धान कापून रात्री रंगमंचावर उभा राहत राहत राष्ट्रपती भवनापर्यंत गेला. मी त्या पोरीपुढे हे उदाहरण ठेवतो. तू सिनेमाचं ठेवतेस.

मी : मग मला त्याच तोडीचं एका बाईचं नाव सांगा. जुन्या लोकनाट्यात, दंडारीत, बायकांची कामं पुरुषच करायचे. पुढे नाटकांत बाया आल्या, त्यांच्या नावावर तिकिटं खपली. पण म्हातारपणी त्या कुठे आहेत? तुम्ही नायकाचे खलनायक झालात, खलनायकाचे बाप झालात. तुमच्यासोबत नायिका असलेल्या बाईला पुढे आईची भूमिका किती हंगाम मिळाली? आणि एका गावाहून दुसऱ्या गावी रात्री गाडीत बसून जाताना पुरुष नट झोपतो, बाई जागी असते. हे मी ऐकीव सांगत नाही, तुमच्याच नाटकातल्या बायांनी मामींजवळ बसून सांगितलं आहे.

मामा : (बराच वेळ थांबून) खोटं नाही ते. पण सिनेमात काय, तिथे बाया झोपतात?

मी : तिथेही जागतात. म्हणून ती एकटी जाणार नाही, हे माझं पहिलं म्हणणं. पण रिंकूची पुढची वाट बघा. दोघांच्या प्रेमाच्या एका गोष्टीत ती अडकली नाही. मकरंद मानेंचा 'कागर' 2019 मध्ये. 2020 मध्ये लारा दत्तांबरोबर 'हंड्रेड' ही हिंदी मालिका. 2021 मध्ये '200 हल्ला हो'. ती गोष्ट तर आपल्या विदर्भातली. 2004 साली नागपूरच्या न्यायालयात कस्तुरबानगरच्या बायांनी वर्षानुवर्षं छळणाऱ्या गुंडाला मारलं, त्या घटनेवर बेतलेला चित्रपट. मग 'झिम्मा 2'. 'आशा'मध्ये ती आशा सेविका झाली. आपल्या गावात दारोदार फिरणारी, गोळ्या वाटणारी, बाळंतिणीला रात्री गाडीत घालून नेणारी बाई पडद्यावर नायिका होते, ही गोष्ट लहान नाही. सातवीतल्या मुलीला निवडलं तेव्हा यातलं काहीच लिहून ठेवलेलं नव्हतं. तिने आणि तिच्या घराने ते एक-एक करून मिळवलं.

मामा : एकीचं सांगतेस. बाकीच्यांचं सांग. नागपूर आपल्याला काही तासांवर आहे. 'झुंड'चं सांग.

इथवर बोलणं तापलेलं असलं तरी घरगुती होतं. 'झुंड'चं नाव निघालं तेव्हा आम्ही दोघंही जरा सावरून बसलो. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट 4 मार्च 2022 रोजी प्रदर्शित झाला. हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी वस्तीतल्या मुलांना फुटबॉलकडे वळवलं, 'स्लम सॉकर' उभं केलं, त्यावर तो आधारलेला आहे. अमिताभ बच्चन शिक्षकाच्या भूमिकेत आणि त्यांच्यासमोर नागपूरच्या वस्त्यांमधली, कधी कॅमेऱ्यापुढे न गेलेली पोरं. त्यांच्यातल्या अंकुश गेडामला पुढे पदार्पणाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. विदर्भातल्या माणसांसाठी ही फार मोठी गोष्ट होती. आपल्या बोलण्यासारखं बोलणारा, आपल्या गल्लीसारख्या गल्लीत वाढलेला मुलगा त्या मंचावर होता.

मामा : अंकुशचं मला कौतुक आहे. पण त्याच चित्रपटातल्या दुसऱ्या एका पोराचा 2025 च्या ऑक्टोबरमध्ये नागपुरात खून झाला. एकविशीच्या आसपासचा पोरगा. अमिताभसोबत उभा राहिलेला. तू पेपर वाचतेस, मीही वाचतो. त्या बातमीत त्याचं नाव कमी आणि चित्रपटाचं नाव जास्त होतं.

मी : त्याच्या आयुष्यातले अडथळे चित्रपटाने आणले नव्हते, मामा. ते आधीपासून होते. चित्रपटावर दोष टाकणं अन्याय होईल.

मामा : दोष टाकतच नाही. विचारतो फक्त. पॅकअप झालं, गाड्या गेल्या, पोस्टर उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पोरगा उठला तेव्हा त्याला कामावर कोण बोलावणार होतं? आमच्याकडे आजचा प्रयोग पडला तर उद्या दुसऱ्या गावी आहे. नट दारू प्याला तर कंपनीचा मालक शिव्या घालतो, घरी नेऊन टाकतो, चार दिवसांनी परत उभा करतो. कंपनी वाईट असेल, पैसे थकवत असेल, पण ती पुढच्या हंगामात वडशाला, नाटक कंपन्यांच्या गावी, त्याच गल्लीत असते. सिनेमाचं युनिट पुढच्या वर्षी कुठे सापडतं, सांग.

याला उत्तर म्हणून मी कायद्याकडे वळले, कारण ते मी आधी वाचून गेले होते.

मी : म्हणून तर नियम केले आहेत. बालकामगार कायदा 2016 मध्ये दुरुस्त झाला आणि पुढच्या वर्षी त्याचे नियम आले. मुलाला चित्रपटात घ्यायचं तर जिथे काम होणार त्या जिल्ह्याच्या दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला 5 तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग 3 तासांपेक्षा जास्त नाही. ओळीने 27 दिवसांपेक्षा जास्त नाही. शाळा बुडू नये म्हणून शिकवण्याची सोय निर्मात्याने करायची. मिळकतीतला किमान 20 टक्के भाग मुलाच्या नावाने बँकेत मुदत ठेवीत ठेवायचा, तो सज्ञान झाल्यावरच त्याच्या हातात.

मामा : चांगले नियम आहेत. किती वर्षांपर्यंतच्या पोरांना?

मी : 14 वर्षांखालच्या.

मामा : आपली पोरगी किती वर्षांची?

मी : 14 पूर्ण.

मामांनी पुढे काही म्हटलं नाही आणि म्हणायची गरजही नव्हती. मी वाचून गेलेले सगळे तास, दिवस आणि टक्के त्या मुलीच्या वाढदिवसाला तिच्या हातून निसटले होते. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने नंतर मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यांत 18 वर्षांपर्यंतच्या मुलांचा विचार केला, हे खरं. पण सूचना आणि नियम यांत फरक असतो. नववी-दहावीतली मुलगी पडद्यावर नायिका म्हणून पहिल्यांदा शोभते ती याच वयात. नेमकं तेव्हाच कायद्याचं सगळ्यात घट्ट संरक्षण मागे राहतं. मराठी चित्रपटांत गावाकडचे नवे, कोवळे चेहरे शोधायची चांगली प्रथा गेल्या काही वर्षांत पडली आहे. तिचं मी मनापासून स्वागत करते. पण या वयाच्या मुलांसाठी काही लिखित बंधन आपण होऊन स्वीकारणारे निर्माते मला हवे आहेत, आणि ते मागायचं काम आमच्यासारख्या शिक्षकांनी आणि पालकांनी केलं पाहिजे.

मी : म्हणजे पाठवूच नये, असं त्यातून निघत नाही. कायदा जे देत नाही ते करारात लिहून घ्यायचं, असं निघतं.

मामा : तबलजी करार लिहून घेणार? ज्याने आयुष्यात प्रत्येक प्रयोगाची नाईट तोंडी ठरवली, त्याने?

मी : आपण लिहून देऊ. मराठीत.

मामा : (जरा नरमून) मला एक सांग. 'श्यामची आई'तला तो श्याम. आचार्य अत्र्यांचा 1953 चा चित्रपट, पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालेला. तो पोरगा पुढे काय झाला?

मी : माधव वझे. पुण्यात इंग्रजीचे प्राध्यापक झाले. नाटकं बसवली, नाट्यसमीक्षा लिहिली. अख्ख्या महाराष्ट्राला रडवून तो मुलगा पुन्हा अभ्यासाकडे गेला.

मामा : हे आवडलं मला. त्याला परत यायला जागा होती. शाळा होती, पुस्तक होतं, नाटक होतं. मी सिनेमाला वैरी समजत नाही. आपल्या झाडीपट्टीवर तृषांत इंगळेंनी 'झॉलीवूड' काढला 2022 मध्ये, त्यात आपल्याच भागातली माणसं उभी राहिली. काम झालं, हंगाम आला, पुन्हा रंगमंचावर. असं जाणं-येणं मला चालतं. या पोरीला परत यायची जागा कोणती, एवढं सांग. शाळा म्हणशील तर तू म्हणतेस तो फॉर्म. नाटक म्हणशील तर अजून एकदाही रंगमंचावर उभी राहिली नाही. कुठे परत येणार ती?

मी : तुमच्याकडे.

मामा : मग आधी माझ्याकडे येऊ दे. एक हंगाम. मग जाऊ दे पुण्याला.

मी : एक हंगाम म्हणजे चार महिने रात्रीची जागरणं, आणि पुढच्या वर्षी दहावी. तुम्ही सिनेमावाल्यांना जे विचारता तेच मी तुम्हाला विचारते. बालभूमिका करणारी पोरं तुमच्याकडे रात्री दोन वाजता कुठे झोपतात? कपड्यांच्या पेटीवर. सकाळी शाळेत येतात ती बाकावर मान टाकून. मी शिकवते त्यांना.

मामांनी पान लावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "पहिल्या अंकापुरती. बाराच्या आत घरी." मी मान्य केलं. ही सवलत त्यांनी नाटकाला, म्हणजे त्यांच्या सगळ्यात जिव्हाळ्याच्या गोष्टीला, मुरड घालून दिली होती. म्हणून तिचं मोल मला मोठं वाटलं.

मग भाषेचा प्रश्न निघाला, आणि इथे मामा नव्हे, मीच जास्त बोलले.

मामा : तिथे गेल्यावर तिला बोलायला लावतील पुण्यासारखं.

मी : 'सैराट'मध्ये आर्ची अकलूज-करमाळ्याकडचंच बोलली, आणि तेच सगळ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं. 'फँड्री'तला जब्या, सोमनाथ अवघडे, करमाळा तालुक्यातल्या केमचा हलगी वाजवणारा मुलगा. त्याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याचंही बोलणं गावचंच. सोलापूर जिल्ह्याच्या एका कोपऱ्याची बोली अशी घरोघरी गेली. आपली बोली पडद्यावर कधी ऐकलीत? ऐकली असेल तर हसवायला आणलेल्या गड्याच्या तोंडी. हरिश्चंद्र बोरकरांनी साकोलीत राहून झाडीबोलीसाठी आयुष्य वेचलं, शब्द गोळा केले, संमेलनं भरवली. ते काम पुस्तकांतून जिथवर जायचं तिथवर गेलं. आता एखादी पोरगी नायिका होऊन, रागात, प्रेमात, दुःखात आपल्या बोलीत बोलली पाहिजे. लोकांनी हसायच्या आधी ऐकलं पाहिजे. त्यासाठी कुणीतरी गोंदियाहून गाडीत बसायलाच हवं, मामा. आपल्या जंक्शनवरून विदर्भ एक्सप्रेस मुंबईला जाते, महाराष्ट्र एक्सप्रेस पुण्यावरून कोल्हापूरला जाते. कामाला जाणारी पोरं त्यांत भरून जातात. नट होऊन किती गेली?

मामा : आणि वडशाची गाडी?

मी : तीही त्याच जंक्शनवरून सुटते. मी तिची कधी निंदा केली नाही. माझं बालपण तिच्या प्रवासात गेलं, तुमची नाटकं बघायला.

मामा : (हसून) पहिल्या अंकातच झोपायचीस.

मी : शेवटच्या अंकाला उठवायचे मला सगळे. तुम्ही मरायचात त्या अंकाला.

मामांचं मन वळलं असं मी लिहिणार नाही. नाटकाने घडलेला नट टिकतो आणि चेहऱ्यासाठी निवडलेला नट टिकेलच असं नाही, हे त्यांचं मत तसंच आहे. त्यात अनुभवाचं मोठं बळ आहे. माझंही मत तसंच आहे. चौदाव्या वर्षी आलेलं बोलावणं विसाव्या वर्षापर्यंत थांबत नाही. गरीब घरच्या मुलीला "आधी तयार हो" असं सांगत राहिलं की ते बोलावणं दुसऱ्या दारी जातं. रिंकूला सातवीत निवडलं तेव्हा ती तयार नव्हती. तिच्याभोवतीची माणसं तयार झाली. माझा सगळा भर त्या माणसांवर आहे, आणि तबलजींच्या घरात ती माणसं कमी पडतात म्हणून आपण तिथे उभं राहायचं.

संध्याकाळी तबलजी आले. मी वहीच्या पानावर लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं. मुलीसोबत घरचं एक माणूस कायम राहील आणि त्याच्या प्रवासाचा, राहण्याचा खर्च निर्माता करील. पैसे मुलीच्या नावाच्या खात्यात जातील आणि त्यातला ठरलेला भाग ती 18 वर्षांची होईपर्यंत कुणी काढणार नाही. दिवसाचे तास लिहिलेले असतील, 14 वर्षांखालच्या मुलांना आहेत तेवढेच. दहावीच्या वर्षात जानेवारीपासून परीक्षा संपेपर्यंत चित्रीकरण नाही. ती शाळेतूनच परीक्षेला बसेल, आणि हे जमणार नसेल तर ते आताच सांगावं. चित्रपट लागल्यावर प्रसिद्धीसाठी तिला कुठे नेणार तेही आधी कळवावं.

तबलजींनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "मॅडम, हे सगळं ते मान्य करतील?"

"नाही केलं तर आपण नाही म्हणायचं," मी म्हणाले. मामांनी मान हलवली. त्या दुपारभरात आम्ही दोघं एकाच वाक्यावर आलो ते तेवढंच.

तबलजींची दुसरी अडचण साधी आणि खरी होती. कार्यशाळा भाऊबीजेच्या आठवड्यात होती आणि भाऊबीजेला त्यांच्या कंपनीचा पहिला प्रयोग. मुलीची आई धान टाकून जाऊ शकत नव्हती. गोंदियाहून पुण्याला जायचं म्हणजे जाताना जवळजवळ एक दिवस आणि येताना तेवढाच, मधले कार्यशाळेचे दिवस वेगळे. तेवढ्या नाईट बुडणार. हंगामाच्या सुरुवातीलाच माणूस गेला तर कंपनी दुसरा तबलजी धरते आणि मग तो पुढचा सगळा हंगाम तिथेच राहतो, ही भीती त्यांनी बोलून दाखवली.

मामांनी मोबाइल काढला, नवरगावकडच्या एका ओळखीच्या तबलजीला फोन लावला आणि त्याला म्हणाले, "चार-पाच नाईट आहेत, फक्त तेवढ्याच. जागा दुसऱ्याची आहे, तो परत येणार आहे. कबूल असेल तर ये."